सतराच्या पाढ्याची परीक्षा

ताई,

महिन्यापूर्वी एका शनिवारी मी मैदानात घुसलो. फुटबॉलची मॅच चालू होती, रेफरी शिट्टी वाजवत माझ्याकडे धावत येत होता, आणि मी हातात उघडी छत्री घेऊन चिखलातून थेट मुक्तापर्यंत गेलो. पालकांनी पांढऱ्या रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे मला तूच शिकवलं होतंस. मुक्ता शाळेच्या टीममध्ये नवीन होती तेव्हा तिचा बूट निघाला म्हणून मी जरा आत गेलो, तर तू मागून जॅकेट धरून ओढलंस आणि सगळ्या गोऱ्या आयांसमोर म्हणालीस, "मिल्या, लग्नाच्या मांडवात नाहीस तू. हो बाहेर." त्यांना शब्द कळले नाहीत, पण हसल्या सगळ्या.

या वेळी ओढायला मागे कोणी नव्हतं. तुझं तेरावं नुकतंच झालं होतं.

तुझ्याबद्दल लिहिणारे लिहितायत. नागपूरची पोरगी साउथहॅम्प्टनला आली, ए अँड ईमध्ये, हॉस्पिटलच्या अपघात विभागात, एवढी वर्षं काढली, इतक्यांचे जीव वाचवले. मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुझा पैठणीतला फोटो फिरतोय, जो तुला मुळीच आवडायचा नाही. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि ते अर्धं राहिल्यामुळे मी रात्रंदिवस घाबरलेला असतो. तू म्हणशील, त्यात नवीन काय. बरोबर आहे. लहानपणी झुरळ दिसलं तरी मी तुलाच हाक मारायचो. पण ही भीती तशी नाही, ताई. ही तू मागे ठेवून गेलीस.

तुझी ती परीक्षा कशी सुरू झाली ते आठव. शनिवारी मॅचला जाताना गाडी तू चालवायचीस, मी शेजारी, मुक्ता मागे, पायात शिन पॅड आणि मांडीवर केळं. तिचं मराठी म्हणजे सगळा आनंदच. "आत्या, तुझा गाडी खूप गरम आहे." तू म्हणालीस, भाषा राहू दे, निदान पाढे तरी येऊ देत पोरीला. इथल्या शाळेत बाराच्या पुढे कोणी जात नाही, म्हणून तू मुद्दाम सतराचा धरलास. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. इचन ब्रिज येईपर्यंत तिचा अर्धा व्हायचा, आणि मैदानाच्या कार पार्कमध्ये शिरताना सतरा दाहे एकशे सत्तर. तुझ्याच तालात, तुझ्याच हेलात, शेवटच्या आकड्यावर तसाच जोर देऊन. व्याकरणाच्या नावाने शंख असलेली माझी मुलगी पाढा म्हणायला लागली की थेट आपल्या मोहल्ल्यातली वाटायची.

मग तू टीमची फर्स्ट एडर झालीस. कोणी सांगितलं नव्हतं तुला. आठवडाभर हॉस्पिटलमध्ये उभी राहून शनिवारी पुन्हा हिरवी बॅग खांद्याला लावून टचलाइनला उभी. शाळेला काय, फुकटात डॉक्टर मिळाली. खेळांची, पीईची टीचर, मिस कोल, तुला एवढी मानायची की तू हात वर केलास की तीच खेळ थांबवायला ओरडायची.

बाकीच्या मुलींना डोक्याला लागलं की तू नेहमीचे प्रश्न विचारायचीस. आपण कुठल्या मैदानावर आहोत, मागचा गोल कोणी केला, मागच्या आठवड्यात जिंकलो की हरलो. मुक्ताला मात्र एकच. "सतराचा म्हण." ती घडघड म्हणायची, तू अंगठा वर करायचीस, खेळ सुरू. मी एकदा म्हणालो की तिलाही ते दुसरे प्रश्न विचार ना. तर म्हणालीस, "ते परक्यांसाठी. माझी पोर मला पाढ्यावरून कळते." मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मला अभिमानच वाटला. आपल्या घरातलं काहीतरी त्या ओल्या, थंड मैदानावर कामाला येतंय असं वाटलं. मुली त्याला "द स्पेल" म्हणायच्या. त्यांना वाटायचं मुक्ताच्या आँटीकडे काहीतरी मंत्र आहे.

गेल्या ऑटममधली ती मॅच. कॉर्नर आला, मुक्ता आणि समोरची उंच मुलगी एकाच वेळी उडाल्या. आवाज मी रेषेबाहेरून ऐकला. तू धावलीस. मुक्ता बसली होती, तू समोर गुडघ्यावर, आणि वाऱ्यावर मला ऐकू आलं, सतरा एके सतरा. दाहेपर्यंत. एक चूक नाही. तू अंगठा वर केलास, आणि ती उरलेली सगळी मॅच खेळली. दोनदा चेंडू डोक्यानेच बाहेर काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परत येताना पुलावर तिने मागून विचारलं, "बाबा, मॅच किती वाजता आहे?"

मी हसलो. मला वाटलं गंमत करतेय. तू हसली नाहीस. तू पुढच्या राउंडअबाउटला गाडी वळवलीस ती हॉस्पिटलच्या दिशेने. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं, त्याच आवाजात, "मॅच किती वाजता आहे?" मी तुझ्याकडे बघितलं की तू काहीतरी सांगशील, नेहमीसारखी खेकसशील, "काहून घाबरून राहिला बे." तू समोर बघत राहिलीस. त्या पाच-सात मिनिटांत मला कळलं की तूही घाबरतेस. मला ते कळायला नको होतं.

स्कॅनमध्ये काही निघालं नाही. कन्कशन होतं, मेंदूला हादरा बसला होता, विश्रांती घ्यायची, पडदे ओढलेल्या खोलीत राहायचं, फोन बंद. तुझ्याच डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये, तुझ्याच ज्युनियर्सच्या येण्याजाण्यात, तू कॉफीच्या मशीनला टेकून उभी राहिलीस आणि मला म्हणालीस, "पाढा डोक्यात नसतो रे मिल्या. तोंडात असतो. भूल दिली तरी म्हणेल ती. मी डॉक्टर आहे. मला एवढं कळू नये?" मी म्हणालो, जाऊ दे ताई, सगळं ठीक आहे ना आता. तू म्हणालीस, "त्यानंतर तिने दोन हेडर मारले. त्यातला एक जरी नीट बसला असता तर..." ते वाक्य तू पुरं केलं असतंस तर बरं झालं असतं, ताई. अर्धं ठेवलंस म्हणून मी ते रोज पुरं करतो.

मुक्ताला त्या मॅचमधलं काहीही आठवत नाही. तिला मैत्रिणींनी सांगितलं. तू काय भारी होतीस, डोकं आपटलं तरी उठून अख्खा स्पेल म्हणालीस आणि मग दोन गोल वाचवलेस. तिला वाटतं, परीक्षा ती पास झाली होती आणि त्रास नंतर कधीतरी सुरू झाला. हा किस्सा ती मिरवायची. मी तुला सांगितलं की तिला खरं सांगायला हवं. तू म्हणालीस, "मी सांगेन. माझं आहे ते, तू मध्ये पडू नकोस." मग म्हणालीस, मॉक एक्झाम होऊ देत. मग म्हणालीस, नाताळ होऊ दे.

त्याच सुमारास ते प्रस्ताव आले. आपल्या भागातल्या शाळांच्या फुटबॉल संघटनेने सगळ्या शाळांना पाठवले होते, पुढच्या सीझनपासून काय काय बदलायचं त्याबद्दल. तू रविवारी कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळत होतीस, मी फोनवर वाचून दाखवत होतो. इयर नाइनपर्यंतच्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांपर्यंतच्या, मुलांनी मॅचमध्ये हेडर मारायचाच नाही. तू म्हणालीस, छान. ज्या शाळांकडे मुली कमी पडतात त्यातल्या दोन-दोन शाळांनी मिळून एक टीम उतरवायची आणि लीगचे दोन थर करायचे. तू म्हणालीस, करू देत, पण जर्सीच्या रंगावरून मारामाऱ्या होतील. मॅचेस शनिवारऐवजी बुधवारी दुपारी, शाळेच्या वेळेत, कारण शनिवारी टीचर आणि रेफरी मिळत नाहीत. इथे तू झारा हवेत धरलास. "बुधवारी कोण असणार तिथे? तू ऑफिसला, मी ड्युटीवर. रेषेवर एक माणूस नाही आपलं." आणि शेवटचा, डोक्याला जरासाही मार लागला की खेळाडू बाहेर. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत, त्या दिवशी परत आत यायचं नाही. तिच्या जागी एक जास्तीची मुलगी उतरवायची परवानगी, म्हणजे टीमचं नुकसान नाही.

मी म्हणालो, नियमबियम काही नको, तिचं फुटबॉलच बंद करू. मी ते खूप दिवस मनात धरून होतो. बॅडमिंटन खेळू दे, पोहू दे. तू गॅस बंद केलास. तू गॅस बंद केलास म्हणजे आता माझी धडगत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

"तुला भीती वाटते म्हणून तिने घरी बसायचं?"

"हो," मी म्हणालो. "मला भीती वाटते म्हणून."

"आणि बाकीच्या पोरी? त्यांच्या बापांना वाटत नाही म्हणून त्यांनी खेळायचं?"

मी म्हणालो, मला बाकीच्यांचं घेणंदेणं नाही. आणि नियमाने काय होणार आहे, मुली लपवतातच, कोणी सांगत नाही डोकं दुखतंय म्हणून. तू म्हणालीस, "लपवतात म्हणूनच विचारायचं नाही त्यांना. लागलं की बाहेर, विषय संपला." मी म्हणालो, पण तू असतेस ना तिथे, तू बघशील, तू आता चुकणार नाहीस. तेव्हा तू जे बोललीस ते माझ्या कानात घट्ट बसलंय. "नियम माझ्याकडे बघून करायचा नसतो, मिल्या. मी तिथे नाही, तेव्हा काय, ते बघून करायचा."

मला राग आला. मी डबा न घेता निघालो. तू खिडकीतून ओरडलीस, "वड्या ने, नाटकं करू नको." मी परत आलो, वड्या घेतल्या, आणि निघून गेलो. पुढच्या रविवारी भांडण पुढे चालू करू म्हणून दोघांनीही ते तसंच ठेवलं होतं. मग नाताळ आला, तुझ्या ड्युट्या आल्या, आणि मग जानेवारीतली ती सकाळ आली.

क्रेमॅटोरियममध्ये टीममधल्या सगळ्या मुली आल्या होत्या, शाळेच्या कोटात, केस नीट बांधून, एका रांगेत बसल्या होत्या. नंतर हॉलमध्ये चहाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या. एली म्हणून आहे ना, लाल केसांची, मिडफिल्डला खेळते, ती म्हणाली, "मिस्टर देशमुख, आम्हाला सगळ्यांना स्पेल येतो आता. मुक्ताने शिकवला. तिच्या आँटीसाठी." आणि त्यांनी तो तिथे म्हणून दाखवला. इंग्लिश जिभेने, सगळ्यांनी मिळून. सतरा एके सतरा. चहाचे कप घेऊन उभी असलेली आपली माणसं गहिवरली, मुक्ताच्या आईचे, अश्विनीचे डोळे भरून आले, मराठी मंडळाच्या काकूंनी तर त्यांना जवळ घेतलं. मी हातातला कप खाली ठेवला. ताई, तुझी चूक त्या सगळ्यांना पाठ झाली होती. आणि ती चूक होती हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

मी त्यांना थँक यू म्हणालो. तिथे, तुझ्या फोटोसमोर, दुसरं काय म्हणणार होतो?

मग तो शनिवार. थंडी, बारीक पाऊस, बंदरातल्या डॉक्सकडून येणारा वारा. तुझ्या जागी शाळेने एक विद्यार्थी फर्स्ट एडर ठेवला होता, चांगला मुलगा, पण तो दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी घोट्याला बर्फ लावत होता. मुक्ता चेंडू काढायला गेली आणि समोरच्या मुलीचं कोपर तिच्या कानशिलावर बसलं. ती खाली बसली. कोणी आलं नाही, कारण चेंडू पुढे गेला होता. आणि मग मी बघितलं, तिचे ओठ हलत होते.

ती स्वतःच स्वतःची परीक्षा घेत होती.

म्हणून झाल्यावर ती उठली, मिस कोलला अंगठा दाखवला, अगदी तू दाखवायचीस तसा, आणि जागेवर जाऊन उभी राहिली. मिस कोलनेही अंगठा दाखवला. मी घुसलो. मला आठवत नाही मी काय ओरडत होतो. मुक्ता म्हणते मी मराठीत ओरडत होतो, "बाहेर ये, बाहेर ये," आणि रेफरीला सुद्धा मराठीतच काहीतरी बोललो. मी तिचा दंड धरला आणि बाहेर आणलं. तिने हात सोडवायचा प्रयत्न केला, मी सोडला नाही. आपल्या घरात दंड धरणं तुझं काम आहे, माझं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

गाडीत ती धुमसत होती. "बाबा, एव्हरीवन वॉज लुकिंग. आय वॉज फाइन. मी पूर्ण म्हटला, सगळा बरोबर. आत्या असती तर मला खेळू दिला असता."

मी म्हणालो, "हो. दिलं असतं. आणि ते चुकीचं असतं."

मी गाडी कडेला लावली. मग मी तिला सगळं सांगितलं. ती मॅच, पूल, मॅच किती वाजता आहे हे तिने किती वेळा विचारलं, कॉरिडॉर, कॉफीचं मशीन. तू काय म्हणालीस ते जसंच्या तसं. सांगताना मला वाटत होतं की मी तुझ्या चितेवरून काहीतरी ओढून काढतोय. तुला जाऊन महिना नाही आणि मी तुझ्या लाडक्या पोरीला सांगतोय की तिची आत्या, जिच्याइतकं तिला जगात कोणी हुशार वाटत नाही, ती चुकली होती. आधी ती म्हणाली की मी खोटं बोलतोय. मग म्हणाली की मला फुटबॉल बंद करायचंय म्हणून मी आत्यावर घालतोय. हे दुसरं मला लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं.

मग तिने विचारलं, "आत्याला माहीत होता, ती चुकली?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलं?"

तू सांगितलं होतंस की माझं आहे ते, मी सांगेन. मी तुझ्या वतीने खोटं बोलू शकत होतो. आत्या सांगणारच होती बाळा, वेळ नाही मिळाला. ते अर्धं खरंही आहे. पण वेळ होता तुझ्याकडे. ऑटमपासून जानेवारीपर्यंत प्रत्येक शनिवारी ती तुझ्या गाडीत होती. मी म्हणालो, "घाबरली होती ती."

मुक्ताने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अशक्य बोललोय. "आत्या?"

डॉक्टरांनी बघितलं. तीन आठवडे खेळ बंद सांगितला. ती घरात माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मी मिस कोलला भेटून सांगितलं की पाढा म्हणता येणं ही काही खूण नाही, कोणालाही त्यावरून आत पाठवू नका. ती म्हणाली, अर्थातच, आम्ही त्यावर अवलंबून नसतोच. फार सभ्यपणे म्हणाली. माझा जीव काही भांड्यात पडला नाही.

तीन आठवडे संपले, डॉक्टरांनी हळूहळू परत खेळायला हरकत नाही म्हणून सांगितलं, आणि माझ्याकडे बंद करायला कारण उरलं नाही. भीती होती फक्त. भीती म्हणून घरी बसवायचं का, हा तुझा प्रश्न होता, आणि समोर तू नसल्यामुळे मला त्यावर चिडताही येईना. मी अश्विनीला म्हणालो, जाऊ दे तिला. त्यात आता बुधवार आले. संघटनेने या टर्मच्या उरलेल्या मॅचेस प्रयोग म्हणून बुधवारी दुपारी ठेवल्यात. बाकीचे नियम अजून नुसते कागदावर, त्यांच्यावर पुढच्या गुरुवारी शाळेत पालकांची मीटिंग आहे. म्हणजे तू ज्याच्या विरुद्ध झारा उगारलास तेवढं आधी लागू झालं, आणि ज्याच्या बाजूने होतीस ते राहिलं.

काल पहिला बुधवार होता. मी ऑफिसमध्ये स्क्रीनसमोर बसून काहीही करत नव्हतो. फोनवर शाळेचं नाव आलं तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो, आणि मी कोणाला सॉरी सुद्धा न म्हणता उठलो. जिन्यात उभा राहून मी फोन कानाला लावला आणि मला मिस कोलचा श्वास ऐकू आला, आधी बोलणं नाही, नुसता श्वास. ताई, तेवढ्या वेळात मी सगळं बघून घेतलं. काय काय ते तुला सांगत नाही.

"मुक्ता इज फाइन," ती म्हणाली. "पण तुम्हाला सांगायला हवं. तिला यलो कार्ड मिळालं."

झालं असं की एली पडली. डोकं गोलपोस्टला घासून गेलं. उठली, हसली, आणि कोणी विचारायच्या आत तिने स्वतःच पाढा म्हणून दाखवला, सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत, सगळ्यांना हसवत. बेंचवर बदली मुलगी उरली नव्हती. मिस कोलने एलीला विचारलं, बरी आहेस ना, ती म्हणाली हो, आणि खेळ सुरू करायचा ठरला. तेव्हा मुक्ता मैदानाच्या मधोमध खाली बसली. म्हणाली, एली बाहेर जाईपर्यंत मी उठणार नाही. रेफरीने समजावलं, मिस कोलने समजावलं, समोरची टीम ओरडायला लागली. एली स्वतः तिच्यावर चिडली. रेफरीने कार्ड दाखवलं, तरी ही बसलेलीच. शेवटी मिस कोलनेच एलीला बाहेर घेतलं, आणि आपण दहाजणींनी खेळून हरलो. एलीच्या आईने तिला तुझ्याच डिपार्टमेंटला नेलं. वाटेत एलीने आईला तीनदा विचारलं की आपण कुठे चाललोय.

ती ठीक होईल म्हणतात. मिस कोलने मला विचारलं की गुरुवारच्या मीटिंगमध्ये मी बोलेन का. मी हो म्हणालो. मी उभा राहून सांगणार आहे की माझी बहीण डॉक्टर होती, चांगली डॉक्टर होती, आणि आमच्या मुलीच्या बाबतीत तिचं चुकलं. त्यांनी तुझ्याबद्दल काय विचार करायचा तो करू देत. मंडळातले काही जण नाराज होतील, तेही होऊ देत. मला चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की काय होतं ते तुला माहीत आहे. तरी बोलणार आहे.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा मुक्ता जिन्याच्या पायरीवर चिखलाच्या मोज्यांसकट बसली होती. मी शेजारी बसलो. रागावलोय का म्हणून तिने बघितलं, मी नव्हतो. मी विचारलं, "तुला कसं कळलं? पाढा तर बरोबर म्हणाली ना ती?"

"हो, सगळा बरोबर," ती म्हणाली. "पण बाबा, ती माझ्याकडे बघत होती आणि बघत नव्हती. मी खूप घाबरले. एवढी घाबरले की मला उभाच राहता येईना. म्हणून मी बसले. लोकांना वाटतंय मी ब्रेव्ह आहे. मी ब्रेव्ह नव्हते."

ताई, मीही घाबरले होते, एवढंच तुझं तिला सांगायचं राहिलं होतं.